क्लिकर अडतो, लवकर वाजतो, वाजला की हात गडबडतो: तो सरकवण्याआधी काय काय तपासायचं

"ताई, क्लिकर बिघडलाय." तिरंदाजी शिकताना रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, क्लिकर लावून महिना-दीड महिना झालेलं कुणीही माझ्याकडे आलं की पहिलं वाक्य हेच असतं. दुसरं वाक्य यायच्या आत मी त्याच्या हातातली अ‍ॅलन की काढून घेते. कारण तोवर क्लिकर एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा थोडा पुढे असा सरकवून झालेला असतो आणि मूळ जागा कुठली होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

क्लिकर म्हणजे रायझरवर (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागावर) स्क्रूने बसवलेलं पोलादी किंवा कार्बनचं पातळ पातं. बाण त्याच्या आणि रायझरच्या मधून जातो. दोरी ताणता ताणता बाणाचं टोक पात्याखालून निसटलं की पातं रायझरवर आपटतं, टक्. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की मागच्या बाणाला जेवढं ताणलं होतं तेवढंच आत्ताही ताणलं गेलंय. यात बिघडण्यासारखं फार काही नाही. तो मापाचा टेप आहे. कपडा आखूड झाला म्हणून कुणी टेप कापत नाही, पण क्लिकरच्या बाबतीत जवळजवळ सगळे नवशिके नेमकं तेच करतात. मीही केलं होतं, ते पुढे सांगते.

खालचं सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी. आणि हे फक्त रिकर्व्हबद्दल आहे. बेअरबोमध्ये (साईटशिवायचं धनुष्य) क्लिकर नियमातच बसत नाही, आणि कंपाऊंडला (चाकांचं धनुष्य) शेवटी 'वॉल' लागते, म्हणजे त्यापुढे दोरी ओढलीच जात नाही, म्हणून तिथे त्याची गरजच पडत नाही.

आधी लक्षण नेमकं सांगा

'क्लिकर नीट चालत नाही' ही तक्रार 'अंगात बरं नाही' सारखी आहे. तिच्यावरून काहीच कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

अडतो. अँकरला (हनुवटीशी दोरीचा हात टेकतो ती ठरलेली जागा) हात लागला, साईट (नेम धरायचं साधन) लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात आली, आणि टोक पात्याखाली दोन-तीन मिलिमीटर उरलेलं असताना सगळं थांबतं. हात थरथरतो, श्वास अडकतो, शेवटी झटका मारून बाण निघतो किंवा धनुष्य उतरवावं लागतं.

लवकर वाजतो. अँकरला पोचायच्या आधीच, किंवा हनुवटीला हात टेकता टेकता टक्. साईट अजून गादीच्या, म्हणजे बाण रुततात त्या लक्ष्याच्या, काठावरच असते.

मधूनच अडतो. पाच बाण छान, सहाव्याला अडतो. किंवा सकाळी छान, संध्याकाळी अडतो. ही दोन वेगळी लक्षणं आहेत, त्यांची गल्लत करू नका.

वाजला की हात गडबडतो. आवाज ऐकताच बोटं फटकन उघडतात, पुढचा हात खाली पडतो, बाण खाली किंवा बाजूला जातो. याच्या पुढची पायरी म्हणजे क्लिकर वाजायच्या आतच बाण सुटणं.

बाण रेस्टवरून, म्हणजे रायझरवरच्या त्याच्या टेकूवरून, उचलला जातो. याचं खापर क्लिकरवर फुटतं, पण बहुतेकदा दोष बोटांचा असतो.

तुमचं लक्षण यातलं कुठलं, हे आठवणीवर सोडू नका. तीस बाण मारा आणि वहीत प्रत्येक बाणापुढे एक अक्षर लिहा: 'ठ' म्हणजे ठीक, 'अ' म्हणजे अडला, 'ल' म्हणजे लवकर, 'ग' म्हणजे गडबड. बाणांवर नंबर घातलेले असतील तर नंबरही लिहा. हा अर्धा तास कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे दोन आठवडे वाचवतो. सगळे 'अ' शेवटच्या दहा बाणांत आले तर थकवा किंवा पाउंडेज (धनुष्य ओढताना पेलावं लागणारं वजन). 'अ' ठरावीक नंबरलाच आले तर बाण. सगळीकडे विखुरले असतील तर फॉर्म, म्हणजे उभं राहण्याची आणि ओढण्याची पद्धत. तपासणी मात्र तरीही खालच्या क्रमानेच करा, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना ना पैसा लागतो ना ताकद.

स्क्रू आणि पातं

पात्याखालच्या प्लेटवर, पात्याच्या कडेला, बारीक पेन्सिलीने एक रेघ ओढा. हे सगळ्यात आधी. आता स्क्रू तपासा. प्रत्येक बाणागणिक सगळं धनुष्य हादरतं, त्यात हा छोटा स्क्रू ढिला होतो आणि पातं स्क्रूभोवती किंचित फिरतं. वरून फिरलं एका केसाएवढं, तर खाली टोकाशी तेच मिलिमीटरभर होतं. आठवडाभराने रेघ आणि पातं जुळत नसेल तर उत्तर मिळालं. स्क्रू घट्ट करताना जोर लावू नका. रायझरचं छिद्र अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे पटकन मरतात. आटे मेले असतील, स्क्रू नुसताच गोल फिरत असेल, तर तिथे थांबा. मोठा स्क्रू कोंबणं, गोंद ओतणं असले प्रयोग रायझरवर नकोत. ते काम धनुष्य दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आहे.

पातं बाजूने बघा. वाकलंय का? पिशवीत धनुष्य कोंबताना ते वाकतं आणि आपल्याला पत्ता नसतो. पात्याने बाणाला हलकं दाबून धरावं, एवढंच. दाब जास्त असेल तर बाण प्लंजरचं (बाणाला बाजूने आधार देणारी स्प्रिंगची कळ) बटण आत ढकलतो आणि पातं निसटताच बटण बाणाला बाहेर लोटतं. बाणाच्या नळीवर पात्याने ओरखडे उठले असतील तर दाब जास्त आहे असं समजा. दाब फारच कमी असेल तर आवाज मरतो, वाऱ्यात ऐकूच येत नाही. रायझरवर पातं जिथे आपटतं तिथे कुणी टेप चिकटवली असेल तरीही आवाज मरतो. ती काढून टाका.

बाण: सहाच्या सहा एका मापाचे आहेत का?

क्लिकर बाणाच्या टोकावर वाजतो, म्हणून बाणाची लांबी हाच त्याचा हिशेब. एक बाण दीड मिलिमीटर लांब असेल, तर तो तुम्हाला दीड मिलिमीटर जास्त ओढायला लावणार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अँकरनंतर क्लिकरखाली उरलेलं अंतरच मुळात दोन-तीन मिलिमीटर असतं, त्यात दीड म्हणजे अर्धं किंवा त्याहून जास्त.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा खेळ असाच बिनसला होता. सहापैकी कधी एक बाण अडायचा, कधी एकही नाही. तिचं म्हणणं, "माझं लक्ष लागत नाही." वही बघितली तर प्रत्येक 'अ' चार नंबरच्या बाणापुढे. काही फेऱ्यांत तिने चार नंबर घेतलाच नव्हता, त्या सगळ्या स्वच्छ. आम्ही सहाही बाण काचेच्या तुकड्यावर नॉक (दोरीत अडकणारा मागचा खाचेचा तुकडा) खाली, टोक वर असे उभे केले, भोवती रबर लावलं आणि डोळा टोकांच्या पातळीला आणला. पाच टोकं एका रेषेत, चौथं किंचित वर. नखाने चाचपलं तर टोक आणि नळी यांच्यामध्ये एक बारीकशी फट लागली. गादीतून बाण ओढून काढताना टोकाचा गोंद सुटला होता आणि टोक थोडं बाहेर सरकलं होतं. मन आणि एकाग्रता यावर तिने पंधरा दिवस घालवले होते.

ही काचेवरची तपासणी दर महिन्याला करा. त्यात नॉकही बघा. नॉक पूर्ण आत बसला नसेल तर बाण तेवढाच लांब होतो, आणि दोन वेगळ्या प्रकारचे नॉक एकाच संचात असतील तर विचारूच नका. आणि बाण हातात आहेच तर तो हलका वाकवून, पिळून कानाशी धरा. कार्बनच्या नळीतून करकर असा आवाज आला किंवा चीर दिसली, तर तो बाण मोडून टाका, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात येणार नाही. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या पुढच्या हातात घुसतात.

सुटलेलं टोक पुन्हा बसवायचं असेल तर कार्बनच्या बाणावर थेट ज्योत धरू नका, नळीतला राळेचा थर जळतो. कमी उष्णतेवर विरघळणारा गोंद गरम पाण्याने मऊ होतो. कुठला गोंद वापरलाय हे माहीत नसेल तर ज्याने बाण बांधून दिले त्याच्याकडेच द्या.

बोटं आणि अँकर

इथून पुढे पैसा लागत नाही, पण दुसरा माणूस लागतो. माणूस नसेल तर स्टँडवर लावलेला मोबाईल चालेल.

क्लिकरचं पातं बाजूला फिरवून ठेवा किंवा बाण पात्याच्या बाहेरून लावा. चार-पाच मीटरवर गादी, तिच्यावर कागद नाही. बाणाच्या पुढच्या भागावर मार्करने दर दोन मिलिमीटरवर बारीक रेघा ओढा. आता बाण गादीकडे रोखून, डोळे मिटून अँकरला या, दोन सेकंद थांबा आणि धनुष्य उतरवा. बाण सोडायचा नाही. बघणाऱ्याने तुमच्या बाजूला, मारण्याच्या रेषेच्या किंचित मागे उभं राहून कुठली रेघ रायझरच्या कडेशी आली ते सांगायचं. तो रेषेच्या पुढे कधीच जाणार नाही. असं आठ वेळा करा.

आठही वेळा रेघ दोन-तीन मिलिमीटरच्या आत आली तर तुमचा फॉर्म क्लिकरसाठी तयार आहे. पाच-सहाच्या पुढे पसरली तर क्लिकर तुमच्यासाठी अजून लवकर आहे. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण आधी अँकर पक्का झाला पाहिजे, मग क्लिकर. मी अशांना महिनाभर क्लिकर काढून ठेवायला सांगते. जे ऐकतात ते पुढे जातात, जे ऐकत नाहीत ते तीन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात.

रेघ का पसरते? पहिलं कारण बोटांचा हूक. एकदा दोरी पहिल्या पेरात, एकदा बोटांच्या टोकावर, असं झालं की तिथेच पाच मिलिमीटर गेले. दोरी दर वेळी त्याच जागी बसली पाहिजे. टॅबच्या (बोटांवर लावायच्या पट्टीच्या) चामड्यावर दोरीची खाच पडते, ती एकच आणि खोल असावी. दोन-तीन फिकट खाचा दिसल्या तर टॅबनेच चुगली केली असं समजा.

दुसरं कारण चेहरा. क्लिकर अडला की माणूस नकळत डोकं दोरीकडे आणतो किंवा हनुवटी वर उचलतो. दोरी नाकाला आणि हनुवटीला लागलेली जाणवते, म्हणून त्याला वाटतं अँकर तोच आहे. पण अँकर हाताजवळ आला, हात अँकरजवळ गेला नाही. मोबाईलच्या चित्रणात डोकं हलताना लगेच दिसतं.

बाण रेस्टवरून उचलला जात असेल तर इथेच बघा. दोरी ताणल्यावर तिचा कोन अरुंद होतो आणि तर्जनी व मधल्या बोटात नॉक चिमटला जातो. तर्जनीने नॉक खाली दाबला की पुढून बाण वर उठतो. टॅबला बोटांच्या मध्ये ठेवायचा छोटा ठोकळा असतो, तो यासाठीच. नवशिक्यांना तो बोचतो म्हणून ते काढून फेकतात. नॉक दोरीवर फार घट्ट बसत असेल तर त्रास वाढतो. बाण दोरीला लटकवल्यावर पडू नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटावा, इतपतच घट्ट हवा.

एक गैरसमज इथेच मिटवते. दोरीला पीळ घालून ब्रेस हाइट (न ताणलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) बदलली की क्लिकर बदलतो असं काही जण सांगतात. धनुष्य आरामात असताना दोरी कुठे आहे, याने पूर्ण ताणावर तुमचा हात कुठे येतो ते ठरत नाही. पाउंडेज किंचित हलतं, बस्स. क्लिकरसाठी दोरी पिळत बसू नका.

पुढचा खांदा

सगळ्यात जास्त क्लिकर इथे अडतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आधी एक हिशेब. नवशिक्यांच्या रिकर्व्हमध्ये पूर्ण ताणाच्या आसपास दर इंचाला साधारण दोन पाउंड वजन वाढतं. क्लिकरखालचे शेवटचे अडीच मिलिमीटर म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा, म्हणजे वाढणारं वजन पाव पाउंडाहूनही कमी. जो माणूस ३० पाउंड ओढून अँकरला आला, तो तेवढ्याने कसा अडेल? तो वजनाने अडतच नाही. त्याच्या सांगाड्यात ओढायला जागाच उरलेली नसते म्हणून तो अडतो.

होतं असं. धनुष्य वर उचलताना पुढचा खांदा कानाकडे चढतो. दोरीचा ताण तो खांदा आणखी आत, मानेकडे दाबतो. आता दोन्ही हातांमधलं अंतरच सेंटिमीटरभर कमी झालं. मागचा हात जागच्या जागी आहे, अँकर बरोबर आहे, तरी टोक पुढे राहतं. मग माणूस मनगटाने ओढतो, दंडाने ओढतो, हात थरथरतात, आणि तो म्हणतो क्लिकर अडला.

कसं ओळखायचं? मोबाईल तुमच्या पाठीमागे, खांद्यांच्या उंचीवर ठेवा. पूर्ण ताणावर पुढचा खांदा आणि कान यांच्यातली जागा बघा. मग रबरी पट्टा घेऊन तेच करा आणि दोन चित्रणं शेजारी लावा. पट्ट्यावर खांदा खाली राहतो आणि धनुष्यावर चढतो, असं दिसलं तर कारण सापडलं. इलाज म्हणजे धनुष्य उचलायच्या आधी खांदा खाली बसवायचा आणि मग हात उचलायचा. उचलून झाल्यावर खांदा खाली ओढायला गेलात तर भाराखाली तो बसत नाही.

ग्रिपही इथेच तपासा. तळवा कधी वर कधी खाली बसला तर धनुष्याचं केंद्र आणि तुमचं मनगट यांतलं अंतर बदलतं, आणि तेही त्या दोन-तीन मिलिमीटरमधूनच वजा होतं. अंगठ्याच्या मुळाशी दाब आला पाहिजे. बोटांनी धनुष्य आवळून धरलंत तर ते फिरतं. फिंगर स्लिंग (धनुष्य पडू न देणारी, बोटांत अडकवायची दोरी) लावा आणि बोटं सैल सोडा.

शेवटचे दोन मिलिमीटर हाताने ओढायचे नसतात. मागच्या खांद्याचं पातं मणक्याकडे सरकतं, कोपर मागे आणि किंचित गोल फिरतं, आणि पुढचा हात लक्ष्याकडे वाढत राहतो. दोन्हीकडे सारखं वाढलं की पातं निसटतं. मुलांना मी सांगते, दोन दारं एकाच वेळी पाठीने आणि तळव्याने ढकलताय असं समजा. नुसतं 'ओढ ओढ' म्हटलं की ते मनगट वळवतात.

आता क्लिकर सरकवा, पण असा

वरचं सगळं तपासून झालं, आठपैकी आठ वेळा रेघ जागेवर येतेय, आणि तरीही टोक पाच-सहा मिलिमीटर पुढेच राहतं किंवा अँकरआधीच निसटतं, तर जागा चुकीची आहे. क्लिकर लक्ष्याच्या बाजूला सरकवला की कमी ओढावं लागतं आणि तो लवकर वाजतो. तुमच्याकडे सरकवला की जास्त ओढावं लागतं.

सरकवायची वेळ महत्त्वाची. दिवसाच्या पहिल्या सहा बाणांवर नाही, तेव्हा अंग आखडलेलं असतं. शंभर बाणांनंतर नाही, तेव्हा अंग गळालेलं असतं. तीस-चाळीस बाण झाल्यावर सरकवा. एका वेळी एक मिलिमीटर, प्लेटवर रेघ, वहीत तारीख. मग निदान दोन सराव हात लावायचा नाही. अँकरला पोचल्यावर टोक पात्याखाली दोन-तीन मिलिमीटर उरावं आणि तिथून साधारण दोन ते चार सेकंदांत वाजावं. सात-आठ सेकंद झाले तर उतरवा. त्यानंतर निघालेला बाण कुठे जाईल त्याचा भरवसा नसतो, आणि अडलेल्या बाणाशी झगडायची सवय लागते ती वेगळीच. वैयक्तिक सामन्यात आळीपाळीने मारताना एका बाणाला २० सेकंद मिळतात, त्यात एकदा उतरवून पुन्हा मारता येतं. सराव करून बघा.

आता माझी गोष्ट. मी शिकत होते तेव्हा क्लिकर अडला की एक मिलिमीटर पुढे सरकवायचे. मोकळं वाटायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा अडायचा, पुन्हा एक मिलिमीटर. दरम्यान साईट मात्र खाली खाली आणावी लागत होती, कारण बाणातली ताकद कमी होत होती. मी दोष दोरीला दिला, मग लिम्बला (धनुष्याच्या वाकणाऱ्या वर-खालच्या भुजांना). हंगाम संपताना प्रशिक्षकांनी प्लेटवरच्या माझ्याच पेन्सिलीच्या रेघा मोजल्या. सात रेघा, सहा मिलिमीटर. पुढचा खांदा दर वेळी थोडा चढला होता आणि मी दर वेळी क्लिकर त्याच्या सोयीला आणून दिला होता. क्लिकर परत मूळ रेघेवर नेला आणि खांदा बसवायला पुढचे चार महिने गेले.

बाण फार लांब असेल तर टोक रायझरच्याही पुढे राहतं. त्यासाठी पुढे वाढवलेली क्लिकरची पट्टी मिळते, ती लावा. बाण कापायची घाई करू नका. नवशिक्याची ड्रॉ लेंथ (दोरी जेवढी मागे ओढली जाते ते अंतर) फॉर्म सुधारला की वाढते, आणि कापलेला बाण वाढत नाही. शिवाय कापल्याने बाण जास्त कडक वागतो, म्हणजे सगळं ट्यूनिंग पुन्हा. उलट, पूर्ण ताणावर बाणाचं टोक रेस्टच्या मागे येत असेल तर त्याच क्षणी सावकाश उतरवा आणि तो बाण त्या धनुष्यावर पुन्हा लावू नका. रेस्टवरून घसरलेला बाण सुटला तर तुमच्याच हातात जातो. यात 'बघू एकदा' नाही.

पाउंडेज

वहीतले 'अ' दर वेळी शेवटी येत असतील तर धनुष्य जड आहे. माझी साधी कसोटी अशी: बाण लावून, गादीकडे रोखून, क्लिकरशिवाय पूर्ण ताणावर दहा सेकंद उभे राहा आणि उतरवा. असं पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. पाचव्या वेळी खांदा चढला किंवा हात लटपटला तर पाउंडेज उतरवा. लिम्बवर लिहिलेला आकडा २८ इंचांचा असतो. तुमची ड्रॉ लेंथ ३० असेल तर तुम्ही चारेक पाउंड जास्त ओढताय, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

लिम्ब बोल्ट सैल करून थोडं वजन कमी करता येतं, पण वर-खाली सारखेच फेरे, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच. त्याहून सैल केला तर लिम्ब निसटू शकतं. आयुष्यात एकदाही बोल्ट फिरवला नसेल तर पहिल्यांदा माहीतगाराला शेजारी उभं करा.

आवाज आणि बोटं यांची फारकत

सगळं जागेवर आहे, क्लिकर वेळेवर वाजतो, आणि तरी वाजताच अंग दचकतं. हे सगळ्यात चिवट दुखणं.

आवाज कानावर पडल्यापासून बोटं सैल होईपर्यंत सेकंदाचा साधारण सहावा-सातवा हिस्सा जातो. नवशिका क्लिकर वाजला की 'झालं' म्हणतो आणि ओढणं थांबवतो. त्या अवधीत दोरी काही मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे क्लिकरने मोजलेलं माप बाण सुटेपर्यंत राहतच नाही. बाण खाली जातो. सोडल्यानंतर मागचा हात कुठे जातो ते बघा. मानेला घासत कानामागे गेला तर ओढणं चालू होतं. हनुवटीपाशीच राहिला तर थांबलं होतं. गालापासून बाहेर उडाला तर बोटांनी दोरी झटकली.

यावर एकच औषध मला लागू पडलेलं दिसलंय. जवळची रिकामी गादी, कागद नाही. क्लिकरमधून ओढा, टक् वाजू द्या, आणि सोडू नका. मनात दोन मोजेपर्यंत वाढत राहा, मग उतरवा. आठवडाभर निम्मे बाण असे. त्यानंतर कुणाला तरी पाठीमागे उभं करा. क्लिकर वाजल्यावर तो 'सोड' किंवा 'उतरव' म्हणेल, कुठलं म्हणेल ते आधी सांगणार नाही. पहिल्या दिवशी 'उतरव' ऐकूनही बाण सुटतात, माणूस ओशाळतो. सुटू देत, पुढे गादी आहेच. पाच-सहा दिवसांत आवाज आणि बोटं यांची गाठ सैल होते.

टोकाकडे डोळा लावून बसणं हाही याच घरातला दोष. पात्याखाली किती उरलंय हे बघत बघत ओढलं की साईट भटकते आणि क्लिकर वाजण्याची वाट बघायची सवय लागते. अँकरला आल्यावर एक ओझरता कटाक्ष चालेल. मग डोळा पिवळ्यावर.

कुठे थांबायचं

पुढच्या खांद्यात किंवा दंडात टोचणारी कळ, रात्री कुशीवर झोपताना दुखणं, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा: सराव बंद, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. गोळी घेऊन क्लिकर ओढायचा नाही. सरावाने आलेली स्नायूंची ठणक दोन दिवसांत जाते, ही तशी जात नाही.

लिम्बला चीर, पापुद्रा सुटलेला, किंवा दोरी लिम्बच्या मधोमध न राहता एका बाजूला जातेय: दोरी उतरवा आणि धनुष्य जाणकाराकडे न्या. ताणून बघू नका. मेलेले आटे, बाण कापणं, टोकं बसवणं हेही त्याच्याकडेच.

क्लिकर वाजायच्या आत बाण सुटतोय, किंवा साईट पिवळ्यात जायलाच तयार नाही, आणि वरची रिकाम्या गादीची कसरत तीन-चार आठवडे करूनही फरक नाही: हे टार्गेट पॅनिक आहे, ते एकट्याने सुटत नाही. प्रशिक्षकाकडे जा.

जाताना वही न्या. पाठीमागून आणि समोरच्या बाजूने काढलेली दोन चित्रणं न्या, पाच-सहा बाणांची, चांगल्या-वाईट दोन्ही. आणि आदल्या दिवशी क्लिकरला हात लावू नका. तो जिथे आहे आणि ज्या रेघांवरून तिथे आलाय, ते त्यांना बघू द्या.